मोडाच्या पल्याड

भिलाईत कामाला आलेला जो तो आपापल्या देवाची तसबीर घेऊन आला होता. उस्तादांच्या खाटेशी मात्र वर्तमानपत्रातून कापलेला एक मोटार रेसवाला चिकटवलेला होता. कपाळावर चष्मा, तोंडभर धूळ, त्यातून हसू. सकाळी त्याला सलाम ठोकल्याशिवाय उस्ताद डंपरवर चढत नसत.

"उस्ताद, तुमचा देव पेट्रोलवर चालते का?" लोक चिडवत.

"अन् तुमचा खोबऱ्यावर! पन माह्या देवाले म्या डोयानं पाह्यलं हाय."

खरंच पाहिलं होतं. फौजेत ड्रायव्हर असताना, लढाईनंतर कलकत्त्याकडे विमानांच्या ओस पडलेल्या धावपट्टीवर रेस लागली होती. कात्रणातले हे साहेब जिंकले, उतरले आणि समोर उभ्या उस्तादांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्यांनी तोंड पुसलं. तेवढीच भेट. तो दुपट्टा पुढे कधी धुतला गेला नाही. "सीध्या सडकेवर कोनीबी जितते," उस्ताद सांगत. "साहेब मोडावर जितत होता, वळनावर. मोड दिसला का भेऊ नोको. मोडाच्या पल्याड पाह्य."

मी भेणाराच होतो. अमरावतीकडचा, सातवीत शाळा सुटलेला, इथे ना गाव ना नातं. उस्तादांनीच मला मरोद्याच्या तलावाच्या बांधावर कामाला लावून घेतलं. डंपर माती टाकायला मागे येई, तेव्हा कडेला उभं राहून शिटी द्यायची. सुट्टीला रुआबांध्याच्या माळावर नेऊन ते स्टिअरिंगही हातात देत. "लायसन काढ. शिटीवर जिंदगी निंगत नाई."

अशा माणसाची नजर विझत चालली आहे, हे सगळ्यांआधी मलाच कळावं! पूर्वी बांधाची कड त्यांना स्वतःलाच दिसे, एक शिटी पुरे; आता तीन-चार लागत. बोललो तर त्यांची गाडी जाणार, न बोललो तर कोणाचा तरी जीव. रोज बोलायचं ठरवायचो आणि रोज शिटीच तेवढी आणखी जोरात वाजवायचो.

अशात बातमी आली. साहेबांनी आता रेस सोडली होती आणि टायरवाल्यांबरोबर ते आमचे डंपर पाहायला येणार होते. उस्ताद सुपेल्याला जाऊन दाढी करून आले. खांद्यावर तोच दुपट्टा.

दुपारी बांधावर धूळ उठलेली. जीप लांब थांबली आणि एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ एकटेच रस्त्याने चालत आले. मी ओळखलं. तेवढ्यात मोडावरून उस्तादांचा भरलेला डंपर आला. मी जीव खाऊन शिटी फुंकली. उस्तादांनी एका झटक्यात गाडी बाजूला काढली आणि मान बाहेर काढून ओरडले, "ओ बाबूजी! बाप की सडक है क्या? हटो!"

साहेब हसत हसत बाजूला झाले. मला म्हणाले, "तुम्हारा ड्राइवर मोड पर डरता नहीं. ऐसा हाथ मैंने कम देखा है." जीपचा भोंगा वाजला आणि ते गेलेसुद्धा.

संध्याकाळी उस्ताद खाटेवर बसून होते. "आले नाई ना रे साहेब?"

साहेबांचे ते शब्द त्यांच्या हवाली करायचे, तर तुम्हाला साहेब दिसले नाहीत हेही सांगणं आलं. शेवटी सांगितलं. सगळं.

ते म्हणाले, "म्हंजे बाप की सडक म्या त्यालेच म्हटलं?" आणि पोट धरून हसले. हसता हसता दुपट्टा डोळ्यांना लावला. "तू कावून एवढी शिटी फुकून राह्यला, थे मालूम होतं मले. वाटे, साहेब येईपावतर धकवावं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच फोरमनसमोर उभे राहिले आणि नजरेचं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही. आहे तीही राहणार नाही.

ते गावी निघाले, तेव्हा दुर्ग स्टेशनवर मी त्यांना हाताला धरून डब्यात चढवलं. लायसन मिळालं का, हे त्यांनी विचारलं नाही. खिशातून काढून मीच ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाचपलं, परत केलं आणि खिडकीतून माझं मनगट पकडलं.

"मोडाचं काय म्हटलं होतं साहेबानं? अजून एकडाव सांग."

मी सांगितलं. गाडी हलली तरी मनगट सुटेना. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत मी बाजूने धावत होतो आणि सांगत होतो.