डॉक्टरी बांगड्या

तोंड न बघता नुसत्या मनगटावरून माणूस ओळखणारी बाई अख्ख्या काळेवाडीत एकच, ती म्हणजे आमची बांगडीवाली भाभी. चाळीस वर्षं तिने बायकांच्या हातांपलीकडे काही पाहिलेलं नाही. नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, बांगडीची मापं राहतात. भर बाजारात ती "काय अडीच, बरी आहेस ना?" असं ओरडते आणि चार बायका मागे वळतात. त्यातली एक मी. एकदा बसमध्ये उभी होते, तर मागून कुणीतरी दांड्यावरचा माझा हात धरून म्हणालं, "राखेने भांडी घासणं सोड की आता, साबण मिळतो." वळून बघितलं तर भाभी. माझ्या तोंडाकडे तिने तेव्हाही बघितलं नाही. बांगड्या भरताना कुणी हात आखडला की म्हणते, "ढिला सोड, छड्या खायला आली नाहीस." मी शाळेत चौथीपर्यंत तेवढंच खाल्लं, त्यामुळे माझा हात आखडायचाच.

तो हात अकरा वर्षं तिच्याकडे गेला नव्हता. नवरा गेला, काचेच्या बांगड्या गेल्या, आणि मला नटण्याची हौस कधी नव्हतीच असं मी गल्लीभर सांगत सुटले. लोकांना पटलं. मलाही पटलं. मग मी मोरीत पडले, आणि कुरुळीला राहणाऱ्या मुलाने ते घड्याळ आणलं. ते नाडी मोजतं, मी पडले तर त्याच्या फोनवर ओरडतं. काळं, जाड, रबरी. म्हशीच्या कानातला बिल्ला बरा. मी ते तांदळाच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी मुलगा कंपनीतली शिफ्ट सोडून, हेल्मेटसकट दारात. मी मेथी निवडत होते.

"आई, तुझी नाडी लागत नाही!"

"डब्यात बघ."

त्याने बघितलं. घाम पुसून म्हणाला, "रविवारी टेम्पो आणतो. घड्याळ हातात दिसलं तर इथे राहा. नाहीतर चल माझ्याकडे."

कुरुळीला त्याचा सहावा मजला. दार लावलं की शेजारी मेला तरी पत्ता लागत नाही. माझं घर मला सोडायचं नव्हतं, आणि ते ध्यान घालून किराणा आणायला जायची लाज वाटत होती. तोंडात दात चार, पण घड्याळ शोभेसं हवं!

शनिवारी, पट्टा रुततो असं सांगत, भाभीकडे गेले. तिने हात उलटासुलटा केला.

"रुतत नाही. आवडत नाही तुला."

"माझं काय नटायचं वय आहे?"

"मग घाल की तसंच. कशाला आलीस?"

तिने रबरी पट्टा काढून फेकला, जुन्या साडीचा जांभळा काठ कापला आणि शेजारच्या शिंप्याकडून त्याचा पट्टा शिवून आणला. घड्याळ बांधलं, आणि मी हो-नाही म्हणेपर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या दोन-दोन बांगड्या चढवल्या.

"अगं भाभी, लोक काय म्हणतील?"

"सांग, घड्याळ घसरतं म्हणून घातल्यात. डॉक्टरने सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरने?"

"मी काय कमी हात बघितलेत?"

रविवारी मुलगा आला. आधी त्याने माझा हात बघितला.

"घसरतं म्हणून आहेत," मी म्हटलं.

"आई, घसरतं तर खालून हव्यात. वरच्या कशाला?"

"वरही सरकतं."

तो हसला. टेम्पोवाल्याला चहा पाजून त्याने परत पाठवलं.

महिन्याभरात आमच्या गल्लीतल्या आणखी दोन विधवांच्या हातात घड्याळं आली, आणि अर्थात त्यांच्या आजूबाजूला डॉक्टरी बांगड्या. त्यातल्या एकीचं घड्याळ बंदच आहे. वेळ विचारली की ती माझ्याकडे बघते.

घर राहिलं. फक्त एक झालं. आधी मुलगा सकाळ-संध्याकाळ फोन करून "आई, बरी आहेस ना?" विचारायचा. आता त्याला माझी नाडी तिथे बसून दिसते, मग विचारायचं काय? चार-चार दिवस फोन येत नाही. तक्रार नाही, मीच घड्याळ घातलंय.

भाभीला नाडीबिडी दिसत नाही. म्हणून ती दुपारी दुकान बंद करून येते आणि पायरीवरूनच हाक मारते, "आहेस का गं?" मला उठायचा कंटाळा. मी पडल्या पडल्या हात हलवते. बांगड्या वाजतात, आणि ती "हां" म्हणून निघून जाते.