बावखलाच्या तळातली गौर

आमच्याकडे गौर मुखवट्याची नसते, झाडाची असते. होळी नावाच्या गावातल्या आमच्या वाडीत एक बावखल आहे, म्हणजे केळी-पानवेलींना पाणी पुरवणारे जुने, खोल तळे. त्याच्या काठावर आपोआप उगवलेल्या तेरड्याची जुडी मुळासकट उपटायची, तिच्यात आघाडा, कुरडू, रानहळद आणि मिळाली तर कळलावी घालायची, आणि माहेरवाशिणीने मागे न पाहता ती घरात आणायची. गौर विकत आणायची नाही, लावून वाढवायचीही नाही. ती आपल्या पायांनी आली पाहिजे, असे आम्ही मानतो.

ही माहेरवाशीण म्हणजे बोळिंजला राहणारी माझी थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर ती मुलाकडे परदेशी कायमची जाणार होती. काठावरून गौर आणण्याची तिची ती शेवटची खेप, आणि नेमकी त्याच वर्षी पावसाने दडी मारली.

सुरुवातीला काही सरी आल्या आणि मग आषाढ जवळजवळ कोरडा गेला, श्रावणातही नुसती भुरभुर झाली. पन्नाशी उलटेपर्यंत ज्याचा तळ मी पाहिला नव्हता, ते बावखल आटले. पाण्यातली पांढरी कुमुदे चिखलावर लोळली आणि दिसेनाशी झाली. काठावर उगवलेला तेरडा दोन पानांवर असतानाच वाळला. एरवी तिथे हातभर जागेत नावेही ठाऊक नसलेली कितीतरी रोपे दाटीने उभी असत. आता आघाडा आणि गाजरगवत एवढेच उरले होते. गजबजलेल्या घरातून सगळे उठून जावेत आणि दोन चिवट पाहुणे तेवढे मागे राहावेत, तसे.

ताईचा फोन आला. पावसाची चौकशी तिने केलीच नाही, तेरड्याची केली. मी म्हणालो, काठ हिरवा आहे. आघाडा हिरवाच असतो, त्यामुळे वाक्य खोटे नव्हते. हे समर्थन तेव्हा मला पुरले, आज पुरत नाही.

मग ते वाक्य खरे करण्यासाठी मी रोज सायंकाळी बोअरवेलचे पाणी पाइपने काठावर सोडू लागलो. शेजारची वाडी माझ्या वयाच्या एका ख्रिस्ती मित्राची. त्याने कुंपणावरून काही दिवस हा प्रकार पाहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "तुमची गौर आपल्या पायांनी येते ना रे? तू तर तिला पाइपने ओढत आणतोयस."

ओढूनही ती आली नाही. पाण्याचा फायदा टाकळ्याने, त्या पावसाळी रानभाजीने, घेतला. तो गुडघाभर माजला आणि त्याच्या सावलीत दुसरे काही उगवेना. बावखलाच्या तळाकडे मात्र मला पाहवत नसे, म्हणून मी तिकडे फिरकलोच नाही.

गौरीच्या दिवशी ताई नवे लुगडे नेसून, हातात तबक घेऊन काठावर आली. टाकळ्याच्या त्या रानाकडे तिने पाहिले.

"हिरवा आहे खरा," ती म्हणाली. "पण गौर आणायची आहे, की भाजी करायचीय?"

मी खरे काय ते सांगितले. ती रागावली नाही. तबक माझ्या हाती देऊन, एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या एकटीच उतरू लागली. जाण्यापूर्वी बावखल एकदा आतून पाहून घ्यावे, एवढाच तिचा हेतू असावा. काही क्षणांनी खालून तिची हाक आली. "तबक घेऊन ये."

तळ गुलाबी झाला होता. तेरड्याची पिकलेली बोंडे हात लागताच फुटतात आणि बी दूरवर उडते. आदल्या वर्षीचे ते बी कोरड्या उतारावरून घरंगळत खाली गेले असावे आणि तिथल्या ओलसर गाळात त्याला आसरा मिळाला असावा. तेरड्याच्या वरच्या अंगाला कुरडू होता, कडेला निळ्या फुलांचे एक बारीक रोप होते, ते काठावर मी कधी पाहिले नव्हते. काठ जणू पाण्याच्या मागोमाग खाली उतरला होता. सगळा नव्हे. रानहळद नव्हती, कळलावी नव्हती. ताईने दोन्ही शोधली आणि मग जे आले ते आले, असे म्हणून जुडी बांधली.

एवढ्यात शेजारीही उतरला. मरियामातेच्या सणासाठी त्याच्या नातींना कुरडूचे तुरे हवे होते. त्याचा एक पाय चिखलात रुतला आणि तो काढताना दुसरा आणखी खोल गेला. आम्ही तिघेही मनसोक्त हसलो. पायऱ्या चढताना ताई मला म्हणाली, "मला मागे बघता येत नाही. माझी चप्पल कुठे राहिली ते तू बघ."

विसर्जनाला बावखलात पाणी नव्हते. ताईने गौर सर्वांत ओल्या जागी निजवली आणि पिकलेल्या बोंडांवरून अलगद बोटे फिरवली. बी तडतडत उडाले. मग तिने विचारले, "गाळ कधी काढतोयस?"

बावखल कोरडे आहे तोवर गाळ उपसून विकायचा, म्हणून पुढच्याच आठवड्यासाठी मी यंत्र ठरवले होते. ते तिथूनच फोन करून पुढे ढकलले. तिला निरोप दिल्यावर, सगळी बोंडे फुटून गेल्यावर गाळ काढला आणि विकण्याऐवजी काठावर पसरला.

गेल्या वर्षी पाऊस भरपूर झाला. बावखल तुडुंब भरले आणि गाळाबरोबर वर आलेला तेरडा काठभर फुलला. त्यात कुरडू होता, ते निळे रोप होते, एका कोपऱ्यात रानहळदीची पाने होती आणि पाण्यावर एकच कुमुद होते. मी फोन धरून ताईला काठ सावकाश दाखवत गेलो. तिने सगळे पाहून घेतले आणि विचारले, "कळलावी?"

"नाही आली अजून," मी म्हणालो.

"बरं. पाणी घालू नकोस हं."