ऐंशीनंतरचे काजूगर

रत्नागिरीजवळच्या चार्जिंग स्टेशनवरचे काका 'अतिजलद' लिहिलेल्या पाटीकडे पाठ करूनच बसतात. गाडी लावली की बजावतात, "ऐंशी टक्क्यांपर्यंत चार्जिंग धावतं हो. पुढे बॅटरी तापू नये म्हणून गाडीच वीज घोटघोट घेते. ऐंशीला निघा."

एकदा मी हट्टाने शंभरासाठी थांबलो. काकांनी वाद घातला नाही. खुर्ची दिली आणि ओल्या काजूगरांचं पातेलं माझ्या मांडीवर ठेवलं. "बसलायत तर सोला. घरी उसळ करायचीय."

शंभर टक्के झाले, तेव्हा कुठे पातेलं संपलं. चिकाने माझी बोटं काळी पडली होती.

परवा मात्र मी शहाण्यासारखा ऐंशीलाच उठलो. काकांचा चेहराच उतरला.

"लगेच निघालात? आज पाहुणे यायचेत हो!"