कुत्री झोपणार कुठे

अपघातात एक पाय गमावलेली कुत्री दत्तक घ्यायची म्हणून मी दौंडच्या एका प्राणिसंस्थेचा फॉर्म भरला. त्यात अट होती, कुत्री रात्री घरातच झोपली पाहिजे. मी ‘होय’ लिहिलं आणि आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, काहीच सांगितलं नाही. मांडवगणच्या आमच्या घरात त्यांनी कधी कुत्र्याला आत येऊ दिलं नव्हतं. शिवाय मी त्यांच्याशी मोजकंच बोलते.

संस्थेच्या ताई कुत्रीला घेऊनच घर पाहायला आल्या. घर पटलं तरच त्या तिला आमच्याकडे ठेवणार होत्या. चहा पिताना त्यांनी थेट आबांनाच विचारलं, "आजोबा, ही झोपणार कुठे?"

आबांनी कुत्रीच्या तीन पायांकडे पाहिलं, मग घरामागच्या उसाकडे.

"आतच की," ते म्हणाले. "उसात बिबट्या हाय. त्यानं धडधाकट कुत्री उचलून नेली, हिला सोडतोय व्हय? का त्याला घरपोच डबा द्यायचाय?"

ताई हसल्या आणि त्यांनी फॉर्मवर सही केली.

त्या गेल्यावर आबा म्हणाले, "आधी इचारायचं व्हतं की पोरी. मी काय खातो का तुला?"

कुत्रीने माझ्या मांडीवर डोकं टेकवलं होतं आणि मला हसू आवरत नव्हतं. आबा आत जाऊन एक जुनी गोधडी घेऊन आले.

"पंख्याखाली टाकू, का भिंतीकडंला?"