शाल मिळाली, बैठक राहिली

मित्रहो, पत्राला फार उशीर झाला, माफ करा. संस्थांना पुढच्या पाच वर्षांचा बेत आखून देतो, हे माझं काम तुम्हाला ठाऊक आहेच. आज कळवणच्या दूध संस्थेनं त्यासाठीच बोलावलं होतं.

गेल्या गेल्या शाल, नारळ आणि भाषणं. शेवटी मीच विचारलं, "उन्हाळ्यात दूध नासतं, त्याचं पुढं काय करायचं?"

सगळे चेअरमनकडे बघू लागले. ते म्हणाले, "काका, नारळ दिला ना? झाला कार्यक्रम. चहा घ्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "काका लय भारी बोलले!"

घरी आलो तर ही म्हणते, "आता शालींचं दुकानच काढा."

माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाला फक्त ओवाळायचंच असतं का, त्याचं ऐकायचं नसतं? सोमवारी सिन्नरच्या संस्थेनं बोलावलंय. जाऊ की हे कामच सोडू? जीवाला घोर लागलाय, उलट टपाली कळवा.