दोरीवरचा निळा शर्ट

पश्या गेल्याचं मुग्धानं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "गाढव आहे तुझा नवरा!" आठवडाभर छातीत जळजळतंय म्हणत होता. डॉक्टरकडे जा म्हटलं की, "कोविडमध्ये कशाला? आय अ‍ॅम ग्रँड." इथे आयर्लंडमध्ये सिटीवेस्टला राहून आयरिश लोकांकडून 'ठणठणीत' या अर्थाचा नेमका हा 'ग्रँड' शब्द उचलला होता. विमानं बंद, म्हणून नागपूरला त्याच्या आईवडिलांनी मुलाला स्क्रीनवर निरोप दिला... माझा राग अजून जात नाही.

त्यातला अर्धा राग एका फ्रेंच फुटबॉलपटूवर आहे. आम्ही दोघं कॉलेजात होतो तेव्हापासून तो पश्याचा देव. पुढे मॅनेजर झाला, संघ हरू लागला, तरी "लीजंड आहे यार तो!" चालूच. जगाला त्याचे पाय आठवतात, इथल्या लोकांना फक्त हात. वर्ल्ड कपच्या उंबरठ्यावरच्या आयर्लंडविरुद्ध त्यानं चेंडू हातानं थोपवला, रेफ्रीला दिसलं नाही, गोल झाला आणि हा अख्खा देश घरी बसला. पश्याला हे माहीत होतं, पण कुणी इतकी वर्षं डूख धरून बसेल असं त्याला वाटलं नाही. वास्तुशांतीचे लाडू वाटायला स्वारी त्याच फ्रेंच माणसाचा निळा शर्ट घालून निघाली. म्हणे, फुटबॉलवेडे लोक आहेत, पटकन ओळख होईल! शेजारच्या म्हाताऱ्या डेक्लननं दार उघडलं, लाडू पाहिले, शर्ट पाहिला. "त्या चोराला माझ्या दारात आणलंस?" म्हणाला आणि दार लावून घेतलं.

शहाण्या माणसानं शर्ट कपाटात टाकला असता. हा दर रविवारी धुऊन मागच्या दोरीवर वाळत घालायचा, पाठीवरचं नाव डेक्लनच्या खिडकीकडे करून. खिडकीतून शिव्या यायच्या आणि हा खूश. मुग्धा रडकुंडीला यायची. "अरे, शेजार आहे. उद्या अडीनडीला कोण धावून येईल?"

इथे शववाहिका घरावरून जाताना शेजारी रस्त्याच्या कडेला उभे राहतात. लॉकडाऊनमध्ये तर तेवढंच उरलं होतं. "कुणी येईल ना रे?" मुग्धा सारखी विचारत होती. सगळी गल्ली आली. डेक्लनचं दार तेवढं बंद. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

परवाच्या रविवारी मी मुग्धाकडे गेलो होतो, तेव्हा बेल वाजली. मास्क लावून लांब उभा... डेक्लन.

"शर्ट कुठंय?"

"प्रेसमध्ये," मुग्धा म्हणाली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

"त्या दिवशी पडद्यामागेच उभा होतो. बाहेर यायला पाय उचलेनात," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आता रविवारी खिडकीत येतो, तर दोरी रिकामी. मी शिव्या कुणाला घालायच्या?"

मुग्धा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मला त्याच्या तोंडावर दार आपटावंसं वाटत होतं. आता सुचलं याला!

तो गेल्यावर मुग्धानं धुतलेलाच शर्ट पुन्हा भिजवला, पिळला आणि माझ्या हातात दिला. त्या फ्रेंच माणसाचं तोंड मला आजही बघवत नाही. तरी चिमटे मीच लावले. पलीकडून एक सणसणीत शिवी आली.

"जरा डावीकडे घे," मुग्धा दारातून म्हणाली, "पूर्ण नाव दिसू दे त्याला."