थोरल्या भावोजींचा बुलडॉग

आमचे थोरले भावोजी, म्हणजे माझ्या यजमानांचे वडील बंधू, रत्नागिरीत वकिली करत. वकिली बेताची, पण रावसाहेब व्हायची हौस दांडगी. एका उन्हाळ्यात विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबानं आपला बुलडॉग त्यांच्या गळ्यात मारला. बोटीचा प्रवास कुत्र्याला सोसणार नाही, असं साहेबाचं म्हणणं. भावोजींनी गावभर सांगितलं, की साहेबानं आपली आठवण म्हणून भेट दिली.

बैलांशी झुंजणाऱ्या कुळातला तो वीर आमच्या दारात आला तोही दमणीतून, बैलांच्याच मागे बसून. चपटं नाक, पुढे आलेला खालचा जबडा, गालांच्या लोंबत्या घड्या आणि त्यांतून अखंड गळणारी लाळ. चालायला लागला, की पाटाला पाय फुटल्यासारखा दिसे.

थोरल्या जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "अगोबाई, ह्याचं तोंड कुणी ठेचलं?"

"ठेचलेलं नाही, अस्सल जात आहे ती," भावोजी म्हणाले. "तुला काय कळायचं!"

मग ती अस्सल जात आम्हांला रोज ऐकावी लागली. ओटीवर पक्षकार येऊन टेकला, की त्याच्या खटल्याआधी बुलडॉगचा इतिहास. पूर्वी म्हणे विलायतेत भर बाजारात बैल खुंटाला बांधत आणि त्याच्यावर हे कुत्रे सोडत. कुत्रा बैलाचं नाक धरी, ते काही केल्या सोडत नसे. नाक मागे का, तर बैलाला लोंबकळतानाही श्वास घेता यावा. तोंडावर घड्या का, तर रक्त डोळ्यांत न जाता बाजूनं ओघळावं. "मरेल, पण पकड सोडणार नाही," भावोजी मांडीवर थाप मारून म्हणत. "इंग्रजाचं राज्य उगाच नाही एवढं पसरलं!"

पक्षकार मान डोलावी आणि उपरण्यानं नाक झाकी. कारण साहेबाकडे मटणावर वाढलेला तो वीर आमच्या शाकाहारी घरात मेतकूट-भातावर आला होता, आणि पोटात वायू धरून दिवसभर ओटीवर घोरत पडे. त्या कहाणीचा उरलेला भाग भावोजी सांगत नसत. तो खेळ पुढे कायद्यानं बंद झाला. रिकाम्या झालेल्या ह्या जातीला हौशी लोकांनी प्रदर्शनासाठी आणखी बुटकं, आणखी चपटं केलं. होता तो श्वासही त्यात आखडला. हे मला माझ्या यजमानांनी सांगितलं. भावोजींसमोर ते बोलले नाहीत. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

पुढच्या वैशाखात त्या साहेबाच्या जागी आलेले नवे साहेब आणि त्यांच्या मडमबाई आमच्याकडे चहाला येणार असं ठरलं. भावोजींनी ओटी सारवून घेतली, खुर्च्या मागून आणल्या. कुत्र्याच्या गळ्यात रेशमी पट्टा बांधला आणि त्याला अंगणात, चिऱ्याच्या चौथऱ्यावर साखळीनं बांधून ठेवलं. पाहुण्यांना फाटकातूनच दिसला पाहिजे! चौथऱ्यावर सावलीचा टिपूस नव्हता.

साहेब आले, चहा सुरू झाला, आणि भावोजींचा इतिहासही. आम्ही दोघी जावा दाराआड उभ्या. त्यांचं इंग्रजी आम्हांला कळत नव्हतं, पण मांडीवरची थाप आली तेव्हा कथा कुठे पोचली ते बरोबर कळलं. त्याच वेळी चौथऱ्यावर कुत्र्याची जीभ निळी पडायला लागली. घशातून करवत चालावी तसा आवाज येत होता. मग तो आडवा झाला.

साहेबांसमोर घरातली बाई बाहेर येणं ही अशक्य गोष्ट. जाऊबाईंनी क्षणभर पदर चाचपला, तो कमरेला खोचला आणि त्या तडक अंगणात गेल्या. साखळी सोडली, ते जड धूड दोन्ही हातांनी कवळलं आणि विहिरीकडे चालायला लागल्या.

"काय करतेस तू? आत जा!" भावोजी ओरडले.

"त्याचा जीव चाललाय, दिसत नाही?" जाऊबाई मागे वळूनही न बघता म्हणाल्या. "अगो, रहाट ओढ लवकर!" हे मला.

मी पाणी काढत गेले, त्या त्याच्या डोक्यावर ओतत गेल्या. ज्या कुत्र्याची सावली पडली तरी त्या पुन्हा अंघोळ करत, त्याची जीभ बाजूला धरून त्यांनी तोंडातला फेस बोटांनी काढला. "मेल्या, श्वास घे. घे रे!" असं त्याला रागावत होत्या. मडमबाई धावत आल्या, भिजल्या जमिनीवर बसल्या आणि आपल्या टोपीनं वारा घालू लागल्या. बऱ्याच वेळानं मेल्यानं डोळे उघडले आणि जाऊबाईंच्या लुगड्यावर ओकला.

जाताना मडमबाई भावोजींना काहीतरी तोडून बोलल्या. काय ते भावोजींनी आम्हांला कधीच सांगितलं नाही.

रावसाहेबी गावातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याला मिळाली. भावोजी थोडे दिवस आजारी पडले. तोवर गावाची हवाही बदलली होती. प्रभातफेऱ्या निघत होत्या, मिठाचे सत्याग्रह झाले होते. भावोजींनी खादीची टोपी शिवून घेतली आणि निवडणुकीला उभं राहायचं मनात धरलं. ओटीवर आता टोपीवाली मंडळी जमू लागली. इतिहास तोच, थापही तीच. "पकड बघा ह्या जातीची! मरेल, पण सोडणार नाही. तसाच हा इंग्रज आपल्या देशाला चिकटलाय!" भाषण ऐन रंगात आलं, की कुत्रा उठे, भावोजींच्या पायावर हनुवटी टेकवी आणि घोरू लागे. मंडळी हसू दाबत. रस्त्यावरची पोरं भावोजींनाच 'साहेबाचा कुत्रा' म्हणायला लागली.

मग त्याला जयगडला कुणाकडे तरी पाठवायचं घाटलं. गाडी दारात आली.

जाऊबाई मागच्या पडवीत ताकभात कालवत होत्या. कुत्रा पुढ्यात बसला होता. "गाडीवानाला परत पाठवा," त्या म्हणाल्या. "नाहीतर मलाही बसवा तीत."

"लोक काय म्हणतील मला?"

"ते आधीच म्हणतात."

गाडी परत गेली. निवडणुकीत भावोजी पडले ते पडलेच. कुत्रा आणखी काही पावसाळे पडवीत, जाऊबाईंनी ओल्या केलेल्या गोणपाटावर झोपून राहिला. त्यानं कधी बैल धरला नाही. परसात घुसलेल्या गुरांना जाऊबाईच काठी घेऊन हाकलत, आणि हा त्यांच्यामागून धापा टाकत जाई. शेवटी श्वासानंच गेला. त्या दिवशी जाऊबाई जेवल्या नाहीत. भावोजी जेवले. आमटी पांचट झालीय, एवढंच म्हणाले.